हायपोथिसिसमधला 'हायपो' म्हणजे 'कमी' का? मग हायपोटेन्यूसचं काय?

रानजाई:

नमस्कार मंडळी. आठवडा झाला, एक शब्द काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे विचारते.

मी दिवसा नववी-दहावीला गणित शिकवते आणि उरलेल्या वेळात एम.एड.चा लघुशोधप्रबंध लिहितेय. पहिल्या प्रकरणात हायपोथिसिस या संज्ञेची फोड द्यायची असते. हाताशी असलेल्या सगळ्या टिपणांत ती एकाच साच्यात मिळाली: हायपो म्हणजे कमी, थिसिस म्हणजे सिद्धांत, म्हणून हायपोथिसिस म्हणजे सिद्धांताहून कमी, सिद्ध व्हायचं राहिलेलं विधान. मीही तेच लिहून पुढे गेले.

परवा दहावीच्या वर्गात पायथागोरसचं प्रमेय चालू होतं. फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला, कर्ण लाल खडूने ठळक केला आणि शेजारी हायपोटेन्यूस असं लिहिलं. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, जीवशास्त्रात हायपो म्हणजे कमी असं शिकवलंय. कर्ण तर सगळ्यात मोठी बाजू. मग तिच्या नावात हायपो कसा?" मला उत्तर देता आलं नाही. शोधून सांगते म्हणाले.

त्याच्याच जोडीला दुसरी गाठ. कच्च्या मसुद्यात मी हायपोथिसिसला 'गृहीतक' म्हटलं होतं. मार्गदर्शक बाईंनी प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीने गोल करून वर 'परिकल्पना' लिहिलं. बदल मी केला, पण का केला ते कळलं नाही, आणि न कळता केलेला बदल मला टोचत राहतो. ग्रीक-लॅटिन जाणणारं कोणी असेल तर सांगाल का, या शब्दाची खरी फोड काय?

जुनी पाटी:

रानजाई, त्या मुलीला माझी शाबासकी कळवा. तिने दोन शब्द शेजारी ठेवून पाहिले आणि टिपणांतली फोड तिथेच कोसळली.

मी ३४ वर्षं भूमिती शिकवली. निवृत्त झाल्यावर युक्लिड मूळ ग्रीकमधून वाचायचा असं ठरवलं आणि साठाव्या वर्षी ग्रीक अक्षरं गिरवायला बसलो. रोज चार-पाच ओळी होतात, त्याहून जास्त नाही. पहिल्या पुस्तकातल्या ४७व्या प्रमेयापाशी, म्हणजे आपल्या पायथागोरसपाशी, पोहोचलो तेव्हा वाटलं होतं की कर्णाला एक सुटसुटीत नाम असेल. युक्लिड तिथे म्हणतो, 'काटकोनाखाली ताणलेल्या बाजूवरचा चौरस'. हायपोटेन्यूसचं मूळ ग्रीक रूप 'हुपोतेइनूसा' हे बाजूचं विशेषण आहे. हुपो, म्हणजे आपला हायपो, म्हणजे खाली; तेइनेइन म्हणजे ताणणे. बोलण्याच्या ओघात 'बाजू' गळून जाते आणि 'खाली ताणलेली' हेच तिचं नाव होऊन बसतं.

तुम्ही फळ्यावर त्रिकोण बहुधा असा काढला असेल: पाया आडवा, काटकोन कोपऱ्यात, कर्ण तिरका. आपण सगळेच तसा काढतो. पण या प्रमेयाची जी जुनी आकृती पुस्तकांतून चालत आली आहे, तिच्यात काटकोन शिखरावर असतो, कर्ण खाली आडवा असतो आणि त्याच्यावरचा चौरस त्याच्याही खाली लोंबत असतो. वर दोन बाजूंचे दोन चौरस पंखांसारखे पसरलेले. ही आकृती काढा, हायपो डोळ्यांना दिसेल, सांगावं लागणार नाही. लॅटिनमध्ये हेच 'सब' आणि 'तेंदेरे', त्यावरून भूमितीतलं सबटेंड आलं. शब्द बदलला, चित्र तेच राहिलं.

तर हायपो म्हणजे 'खाली'. जीवशास्त्राच्या बाईंचंही चूक नाही. रक्तातली साखर नेहमीच्या पातळीखाली उतरली की हायपोग्लायसेमिया; 'खाली'तूनच 'कमी' निघालं. पण हायपोडर्मिक सुई त्वचेखाली जाते, कमी त्वचेत नाही. एका शाखेतला निघालेला अर्थ उचलून दुसऱ्या शाखेतल्या शब्दाला चिकटवला की अशी फोड तयार होते. ती सोपी असते, पाठ होते आणि एका टिपणातून दुसऱ्यात उतरत राहते. मला या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं, कारण खरी फोड तितकीच सोपी आहे आणि कितीतरी सुंदर आहे.

आता थिसिस. 'तिथेनाइ' म्हणजे ठेवणे, मांडणे. 'थेसिस' म्हणजे मांडण्याची क्रिया, आणि मग वादात मांडलेला मुद्दा. मराठीत आपण पटावर सोंगट्या मांडतो आणि सभेत मुद्दाही मांडतो. ग्रीकांचंही तसंच होतं. विद्यापीठात सादर करायचा थिसिस तो हाच, मांडून त्याच्या बाजूने उभं राहायचं विधान.

मग हुपोथेसिस म्हणजे काय? खाली ठेवलेलं. कशाच्या खाली? जे वर उभं करायचं आहे त्याच्या. म्हणजे पाया.

हे मी शब्द ताणून म्हणत नाही. अथेन्सचा वक्ता देमोस्थेनीस इ.स.पू. ३४९मध्ये मॅसेडोनियाचा राजा फिलिप याच्याविरुद्ध बोलत होता. ओलिन्थस शहराला मदत करावी यासाठीच्या दुसऱ्या भाषणात त्याचा मुद्दा असा: घर असो, गलबत असो, त्याचा तळाचा भाग सर्वांत मजबूत लागतो, तसंच माणसाच्या कृतींचा आरंभ आणि त्यांच्या 'हुपोथेसिस' खऱ्या आणि न्याय्य लागतात. घराचा पाया आणि हुपोथेसिस एकाच वाक्यात! मी त्या ओळीवर आलो त्या दिवशी पुढच्या ओळी वाचल्याच नाहीत, तीच परत परत वाचत राहिलो. खाली ठेवलेलं म्हणजे कमकुवत, असं त्याच्या मनात कुठेही नाही. उलट ते सगळ्यात भक्कम हवं.

प्लेटोही जवळजवळ हेच सांगतो, आणि तो तर आपल्या गणितवाल्यांबद्दलच बोलतोय. आदर्श राज्यावरच्या संवादाच्या सहाव्या पुस्तकात तो म्हणतो की गणिती लोक सम-विषम संख्या, आकृत्या, कोनांचे तीन प्रकार या गोष्टी हुपोथेसिस म्हणून खाली घालतात आणि त्यांचा जाब कुणाला देत नाहीत, जणू त्या सगळ्यांना माहीतच आहेत. त्याची अपेक्षा अशी की विचार करणाऱ्याने याच गोष्टी पायरीसारख्या वापरून वर चढावं. पाया घ्या की पायरी, पायाखालचीच वस्तू.

आणि ॲरिस्टॉटलने तर तुमच्या टिपणांना थेट उत्तर देऊन ठेवलंय. सिद्धतेशिवाय जिथून सुरुवात करायची अशा विधानांचा एक गट त्याने केला, त्याला नाव दिलं थेसिस. त्याचे दोन प्रकार. एकक म्हणजे काय हे सांगणं ही व्याख्या. एकक आहे असं म्हणणं ही हुपोथेसिस. म्हणजे त्याच्या लेखी हुपोथेसिस थेसिसहून कमी नाहीच, ती थेसिसचाच एक प्रकार आहे.

धातुपाठी:

'ठेवणे' वाचलं आणि राहवेना. मी संस्कृत शिकवतो.

ग्रीकमध्ये 'मी ठेवतो' म्हणजे तिथेमि. संस्कृतमध्ये 'मी ठेवतो' म्हणजे दधामि. दोन्ही एकाच मुळातून आलेली रूपं आहेत. दोन्हीकडे धातूच्या पहिल्या अक्षराचं द्वित्व होतं. त्या हिशेबाने संस्कृतमध्ये 'धधामि' आणि ग्रीकमध्ये 'थिथेमि' व्हायला हवं होतं. पण लागोपाठ दोन महाप्राण, म्हणजे हकार मिसळलेले वर्ण, जिभेला झेपत नाहीत, म्हणून पहिल्यातला हकार दोन्ही भाषांनी आपापल्या घरी टाकून दिला: ध चा द, थ चा त. हा नियम १८६३ साली हेर्मान ग्रासमान यांनी मांडला. तुम्ही दोघं गणिताची माणसं, हे नाव तुम्ही ऐकलं असेल. रेषीय बीजगणिताच्या पायातले तेच ग्रासमान. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी ऋग्वेदाचा कोशही तयार केला. माझ्या टेबलावर तो कायम असतो.

धा धातूचं 'ठेवलेलं' या अर्थी रूप काय? हित. पाणिनीचं सूत्रच आहे, 'दधातेर्हिः'. निहित, विहित, अभिहित आणि संहिता, म्हणजे एकत्र ठेवलेलं, हे सगळे थिसिसचे सख्खे. हुपो म्हणजे आपला उप. लॅटिनचा सबही त्याच कुळातला. म्हणजे हुपोथेसिसला आपल्याकडचा अक्षरशः जोड शब्द 'उपधा'. व्याकरणात त्याचा अर्थ शब्दातला शेवटून दुसरा वर्ण, त्यामुळे आज दोघं रस्त्यात भेटले तर एकमेकांना ओळखणार नाहीत, पण घर एकच. लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा ध हा फ होऊन जातो (आपला धूम, त्यांचा फूमुस), म्हणून हाच धातू तिकडे 'फाकेरे', करणे. त्यावरून इंग्रजी फॅक्ट. थिसिस आणि फॅक्ट एकाच मुळाचे आहेत हे वर्गात सांगितलं की मुलं मान वर करून बघतात.

रानजाई ताई, तुमच्या दुसऱ्या गाठीबद्दल. मार्गदर्शक बाईंनी केलेला बदल बरोबर आहे, आणि का ते धातूच सांगतात. गृहीतक हे ग्रह् पासून, म्हणजे घेणे. त्याला इंग्रजीत असम्प्शन म्हणतात, ते लॅटिन सूमेरे पासून, म्हणजे घेणेच. विद्यार्थी प्रश्नावलीला खरी उत्तरं देतील, हे तुम्ही घेऊन चालता. ते गृहीतक, तुम्ही ते तपासणार नसता. गणितातला लेम्मा, म्हणजे मोठ्या प्रमेयाच्या सिद्धतेसाठी वापरायचं छोटं प्रमेय, हाही 'घेतलेलं'च. डेटा म्हणजे दातुम, दिलेलं. आपला 'दत्त' त्याचा भाऊ. आणि परिकल्पना तुम्ही स्वतः मांडता. परिकल्पनेतलं क्लृप् म्हणजे निव्वळ मनोराज्य असं समजू नका. रचणे, नीट जुळवून आणणे हा त्याचा जुना अर्थ, आणि तो 'मांडणे'च्या अगदी जवळ बसतो.

साक्षीपुरावा:

चर्चा मन लावून वाचतोय. एक हरकत नोंदवतो. मी वकिली करतो, त्यामुळे ग्रीक वक्तृत्वशास्त्राचं थोडं वाचन आहे, आणि तिथे थेसिस-हुपोथेसिस ही जोडी वेगळीच भेटते. इ.स.पू. दुसऱ्या शतकात हर्मागोरास या ग्रीक वक्तृत्वशिक्षकाने प्रश्नांचे दोन भाग केले. सर्वसाधारण प्रश्न म्हणजे थेसिस. माणसं, वेळ, प्रसंग ठरलेला प्रश्न म्हणजे हुपोथेसिस. रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियनने दिलेलं उदाहरण फार चोख आहे: 'लग्न करावं का?' हा थेसिस, 'कातोने लग्न करावं का?' ही हुपोथेसिस. रोमन वक्ता सिसेरोने हुपोथेसिसला लॅटिनमध्ये 'काउसा' म्हटलं. आमच्या कॉज लिस्टमधला, म्हणजे कोर्टातल्या खटल्यांच्या यादीतला, कॉज तोच.

म्हणजे इथे हुपोथेसिस ही थेसिसच्या हाताखालची, एका व्यापक प्रश्नातलं एक प्रकरण. मग टिपणांतला 'सिद्धांताहून खालचं' हा अर्थ अगदीच निराधार म्हणता येईल का?

जुनी पाटी:

हरकत योग्य आहे, आणि तुम्ही दिलेलं उदाहरण मी वहीत उतरवून घेतलं. पण बघा, तिथेही हुपोथेसिस अपुरी नाही, नेमकी आहे. 'लग्न करावं का' यावर रात्रभर बोलता येईल. कातोबद्दल विचारलं की निकाल द्यावा लागतो. तिचा 'खाली' म्हणजे वादाच्या तळाशी असलेला विषय. नाटकांच्या हस्तलिखितांत सुरुवातीला कथानकाचा सारांश जोडत, त्यालाही हुपोथेसिस म्हणत. आजच्या ग्रीक बोलीत तर 'इपोथेसी' म्हणजे प्रकरण, खटला. तुमचा प्रवाह तिथे अजून वाहतो आहे. सिद्ध झालेलं वर आणि न झालेलं खाली, ही उतरंड मात्र या दोन्ही प्रवाहांत नाही.

मग 'न तपासलेला अंदाज' ही छटा कधी चढली? माझ्या वाचनात तिचे दोन टप्पे ठळक दिसतात, आणि दोन्ही ग्रहगोलांच्या गणितातले आहेत. १५४३मध्ये न्यूरेंबर्गला कोपर्निकसचा ग्रंथ छापला गेला. छपाईवर देखरेख करणाऱ्या ओसियांडरने त्याच्या सुरुवातीला 'या ग्रंथातल्या हायपोथिसिसबद्दल' असं एक निनावी टिपण घातलं: त्या खऱ्या असण्याची गरज नाही, संभाव्य असण्याचीही नाही, आकडेमोड निरीक्षणांशी जुळली की पुरे. कोपर्निकसचं मत असं नव्हतं. टिपण कोणाचं हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०९मध्ये छापून उघड केलं, पण तोवर ६६ वर्षं वाचकांनी ते डोळ्यांखालून घातलं होतं. पाया खरा नसला तरी चालेल, हे वाक्य त्या शब्दाला तिथे चिकटलं. देमोस्थेनीसच्या घराशेजारी हे वाक्य ठेवून पाहा, शब्द किती सरकला ते कळतं.

दुसरा टप्पा न्यूटनचा. 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाच्या १७१३च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने लिहिलं, मी हायपोथिसिस रचत नाही; जे घटितांवरून निघत नाही त्याला हायपोथिसिस म्हणावं, आणि प्रयोगावर उभ्या असलेल्या शास्त्रात त्याला जागा नाही. एवढ्या मोठ्या माणसाने असा हात झटकल्यावर शब्दाचा दर्जा घसरणारच. तुमच्या टिपणांतला 'कमी' हा अर्थ या घसरणीचा आहे, ग्रीक उपसर्गाचा नाही.

आणि रानजाई, एक गोष्ट तुमच्या प्रबंधासाठी. तुमच्याकडे शून्य परिकल्पना, इंग्रजीत नल हायपोथिसिस, असणार. ती संज्ञा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९३५च्या पुस्तकात रूढ केली. नल म्हणजे लॅटिन नुल्लुस, 'एकही नाही'. आता तुम्ही टी-चाचणी, म्हणजे दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासणारी चाचणी, लावता तेव्हा नेमकं काय करता ते हळू करून बघा. दोन गटांत फरक नाही, हे विधान तुम्ही आधी खाली ठेवता. मग त्याच्यावर उभं राहून सगळी संभाव्यता काढता: हे विधान खरं असेल, तर हाती आलेल्या फरकाइतका किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती? शक्यता फारच लहान निघाली की पाया काढून घेता. तक्त्यातला प्रत्येक आकडा त्या एका विधानावर उभा असतो. म्हणजे संख्याशास्त्रात आपण रोज हा शब्द अगदी ग्रीक अर्थाने वापरतो, आणि प्रकरण एकमध्ये त्याची फोड 'कमी' अशी लिहितो! फोड बदला. परीक्षकांनी विचारलं तर टी-चाचणीचं हेच उदाहरण द्या, त्यांना ग्रीक येण्याची गरज पडणार नाही.

रानजाई:

सर, धातुपाठी, साक्षीपुरावा, तिघांचेही आभार. तुमचे प्रतिसाद छापून काढले आणि दोनदा वाचले.

टी-चाचणीचं वाचून मी थांबलेच. ती चाचणी मी गेल्या महिन्यात स्वतः लावली, चाळीस-चाळीस मुलांच्या दोन गटांना, आणि मार्गदर्शिकेत पायऱ्या लिहिल्या होत्या त्याच क्रमाने केली. आपण आकडे कशावर उभे करतोय हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

प्रकरण एकमधला परिच्छेद असा बदललाय: 'ग्रीक हुपो म्हणजे खाली, थेसिस म्हणजे मांडणे. ज्याच्यावर पुढचा युक्तिवाद किंवा गणन उभं करायचं ते खाली मांडलेलं विधान म्हणजे परिकल्पना. संशोधक ते स्वतः मांडतो आणि तपासतो. गृहीतक मात्र तो घेऊन चालतो, तपासत नाही.' यात काही खटकत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा, उद्या मसुदा द्यायचाय.

आणि वर्गाचं. आज काटकोन शिखरावर ठेवून ती आकृती काढली, तीन चौरसांसकट. मी काही सांगायच्या आत त्या मुलीने स्वतःच्या वहीतला परवाचा तिरका त्रिकोण पाहिला, वही हळूहळू फिरवत कर्ण आडवा खाली आणला आणि त्याच्या दोन्ही टोकांना बोटं ठेवून म्हणाली, "बाई, ही खालून ताणलीय."

धातुपाठी:

परिच्छेद चोख झालाय. फक्त 'हुपो म्हणजे खाली' नंतर 'संस्कृत उप' एवढे दोन शब्द घाला. आणि त्या मुलीला सांगा, तेइनेइन आणि तिच्या तोंडून आलेला 'ताणलीय' हेही दोन्ही एकाच तन् धातूचे आहेत.